दोन मापांची पाने

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या पासबुकांच्या आणि घड्याळाच्या रिकाम्या डब्यांच्या शेजारी, रबर लावून ठेवलेला पत्त्यांचा एक कॅट आहे. त्या कॅटने झब्बू खेळता येत नाही, मेंढीकोट खेळता येत नाही, बदाम सात तर मुळीच नाही, कारण त्याच्या बावन्न पानांपैकी सव्वीस पाने एकच आहेत आणि ते पान आहे किल्वरची अठ्ठी. उरलेली सव्वीस मात्र एकमेकांहून वेगळी आहेत. आता त्याच्या कडा मऊ पडल्या आहेत, पाठीवरची लाल नक्षी अंगठ्याच्या जागी पुसट झाली आहे आणि नाकाजवळ नेला तर अजूनही त्याला तंबाखूचा पुसट वास येतो. तो वास त्याला कसा लागला हे सांगण्यासाठीच खरे तर मी हे लिहायला बसलो आहे. पण त्यासाठी आधी कॅटची रचना सांगायला हवी.

१९८६ सालच्या जानेवारीत, दहावीच्या परीक्षेला दोन महिने उरलेले असताना, मी तो सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत घेतला. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होमाचा विधी हे सगळे झाले की होम मैदानावरच्या पाळण्यांना आणि दुकानांना खरी गर्दी होते. त्या गर्दीत एक जण पथारी पसरून, समोर उलटी ठेवलेली खोकी मांडून पत्त्यांचे प्रयोग करीत होता. तो ओरडत नव्हता, हे मला अजून आठवते. उजव्या हाताने कॅटची पुढची कड उचलून तो पाने खालच्या पानांवर सरसर सोडत जाई आणि समोरच्याला म्हणे, "पाहिजे तिथं थांब म्हणा." कोणीतरी थांब म्हणे, तो थांबे, खालच्या गठ्ठ्यावरचे पान त्या माणसाला बघायला लावी, पुन्हा तिथेच ठेवून कॅट मिटवी आणि क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे पाहून पानाचे नाव सांगे. मी तीनदा थांब म्हटले. तिसऱ्यांदा तर अगदी शेवटची चार पाने उरली असताना म्हटले. तिन्ही वेळा त्याने दुसऱ्याच माणसाकडे वळून मध्ये थोडा वेळ जाऊ दिला होता आणि कॅटही बदलला होता, हे मला फार उशिरा कळले. पंधरा रुपये देऊन मी पुडी घेतली. आत चार घड्या घातलेला, एका बाजूने छापलेला कागद होता. घरी येऊन तो वाचला आणि पुढचे दोन दिवस मी पाने नुसती हातात घेऊन बसलो.

रचना अशी आहे. पत्त्याची उंची साधारण ८८ मिलिमीटर असते. या कॅटमधल्या सव्वीस अठ्ठ्या त्याहून एक ते दीड मिलिमीटरने आखूड कापलेल्या असतात, आणि प्रत्येक आखूड पान एका पूर्ण मापाच्या पानावर बसवलेले असते. म्हणजे वरून मोजत गेले तर आखूड, लांब, आखूड, लांब अशी सव्वीस जोड्यांची रांग. कॅट उपडा धरून पुढची कड बोटांच्या टोकांनी उचलली आणि पाने एकेक करून सोडली, तर बोटांना लागतात ती फक्त लांब पाने. लांब पान बोटातून सुटले की त्याच्यावर बसलेले आखूड पान, ज्याला बोटाचा आधार मुळातच नाही, त्याच्यासोबत खाली येते. पाने पडतात ती अशी जोडीजोडीने. म्हणून समोरच्या माणसाने कुठेही थांबवले तरी खालच्या गठ्ठ्यावर सगळ्यांत वर असते ते आखूड पान, म्हणजे अठ्ठी. साध्या कॅटमध्ये एखादे ठरावीक पान येण्याची शक्यता बावन्नात एक. इथे ते न येण्याची सोयच ठेवलेली नाही.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. पाने सोडताना कॅट किंचित वर धरला, तर समोरच्याला वरच्या गठ्ठ्याच्या पोटाची पाने पळताना दिसतात, आणि ती असतात लांब पाने, सगळी वेगवेगळी: राजा, तिर्री, दश्शी, गुलाम. त्याची खात्री पटते की कॅट साधा आहे. तोच कॅट उताणा केला आणि त्याच रीतीने पाने सोडली, तर खाली पडणाऱ्या गठ्ठ्यावर दर वेळी अठ्ठीच दिसते. तीच पाने, तीच बोटे. फक्त वरची बाजू खाली गेली. पथारीवाला प्रयोगाच्या शेवटी हे करून दाखवी आणि म्हणे, "सगळी पानं तुमच्याच पानाची झाली." लोक टाळ्या वाजवत. मी तो भाग दोन-तीनदा करून सोडून दिला, कारण त्यानंतर बघणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे कॅट स्वतःच्या हातात घेणे. चमत्कार मोठा केला की त्याचे कारणही तितकेच मोठ्याने बोलू लागते, असे माझे मत तेव्हा झाले आणि ते आजही तसेच आहे.

या कॅटला इंग्रजीत स्वेंगाली म्हणतात. १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी कादंबरीत याच नावाचा, दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणारा एक संमोहनकार आहे; त्याच्यावरून हे नाव पडले. बर्लिंग हल नावाच्या अमेरिकी जादूगाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो विकायला आणला आणि १९७०च्या दशकात मार्शल ब्रॉडियन याने अमेरिकेत दूरचित्रवाणीवर जाहिरात करून तो घरोघर पोचवला. होम मैदानावरच्या पथारीपर्यंत तो कोणत्या वाटेने आला ते मी शोधू शकलो नाही. पण कागदावरच्या मराठीत "हे पान सक्तीचे पान होय" असे एक वाक्य होते आणि त्यातला "सक्तीचे" हा शब्द मला आजही अचूक वाटतो. माणूस स्वतःच्या इच्छेने थांब म्हणतो आणि तरीही पान सक्तीचेच येते.

असा कॅट घरी बनवता येईल का, हा विचार मी त्या वयात पुष्कळ केला. येत नाही, कारण एकाच पानाच्या सव्वीस प्रती हव्यात, म्हणजे सव्वीस कॅट विकत घ्यायला हवेत. मात्र एकच पान आखूड करून साध्या कॅटमध्ये खुणेसारखे ठेवता येते, आणि ते मी केले. आईच्या शिवणाच्या कात्रीने चौकटच्या दुर्रीची एक कड केसभर कापली, तेव्हा लक्षात आले की कड कापली की पत्त्याचे गोल कोपरे टोकदार होतात आणि नजरेला खुपतात. ते नखे काढायच्या यंत्राने पुन्हा गोल करावे लागतात. पुढे बऱ्याच वर्षांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा पाहिल्या, लाखेच्या रंगात रंगवलेली दशावतारी गोल पाने, दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी एकशेवीस, तेव्हा त्या चित्रांच्या कौतुकाआधी माझ्या मनात आले की गोल पानाला उंची नसते आणि कड धरून सोडण्याजोगे टोकही नसते, त्यामुळे ही युक्ती गंजिफांच्या घरात शिरू शकली नसती.

पिसण्याविषयीही सांगायला हवे, कारण बघणाऱ्याचा सगळा विश्वास पिसण्यावर असतो. कॅटचे दोन ढीग करून त्यांच्या कडा एकमेकांत सोडत पिसण्याची जी रीत आहे, तिने बावन्न पानांचा क्रम नीट विस्कटायला साधारण सात वेळा पिसावे लागते, हे डेव्ह बायर आणि पर्सी डायाकोनिस यांनी १९९२ साली गणिताने दाखवून दिले. यांतले डायाकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या थोर जादूगाराबरोबर हिंडायला निघून गेले होते आणि गणिताकडे नंतर वळले. पत्त्यांच्या क्रमाकडे इतक्या बारकाईने पाहण्याची सवय त्यांना कुठून लागली असेल, ते यावरून कळते. माझ्या कॅटला मात्र सात वेळा काय, सत्तर वेळा त्या रीतीने पिसले तरी धक्का लागत नाही, कारण कडेने सोडलेली पाने पिसतानाही जोडीनेच पडतात. जोड्या इकडच्या तिकडे होतात, पण जोडी फुटत नाही. हे पिसणे खरे असते आणि तरी त्याने काहीच बदललेले नसते.

म्हणजे करायचे काय उरले? दोन दिवस कागद वाचून मी हाच प्रश्न स्वतःला विचारत होतो. साध्या कॅटने प्रयोग करणाऱ्याला बोटांवर वर्षानुवर्षे मेहनत घ्यावी लागते. आमच्या पिढीला जादूगार म्हटले की पुण्याचे रघुवीर आठवत. त्यांच्या प्रयोगाची जाहिरात पाहूनच माझ्या मनात या गोष्टीचे वेड शिरले होते, आणि मनोमन मला असे वाटत होते की तयार कॅट घेणे म्हणजे त्या मेहनतीची वाट चुकवणे आहे. आज तसे वाटत नाही. तयार कॅट बोटांचे काम स्वतःकडे घेतो, हे खरे. पण बोटे मोकळी झाली की समोरच्या माणसाकडे बघण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तो कशावर विश्वास ठेवतो आहे, कुठे बिचकतो आहे, पान मनात धरताना त्याचे ओठ कसे हलतात, हे सगळे दिसू लागते. आणि एकदा दिसले की आपण त्याच्या मनात काय पेरतो आहोत याची जबाबदारी आपली होते. ही दुसरी गोष्ट मला कागदाने सांगितली नव्हती. ती मला अक्कांनी शिकवली.

आम्ही शहराच्या पूर्व भागात राहत असू. आमच्या गल्लीत तेलुगू बोलणारी घरे पुष्कळ होती. पुरुष यंत्रमागांवर आणि बायका दारात बसून विड्या वळीत. अक्का आमच्या समोरच्या घरात राहत. त्या आईहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या होत्या आणि गल्लीतली सगळीच मुले त्यांना अक्का म्हणत. सकाळी उठून रात्रभर भिजवलेली तेंदूची पाने त्या ओल्या फडक्यातून काढीत, पत्र्याचे लहानसे माप एकेका पानावर ठेवून भोवतीने कात्री फिरवीत, मग मांडीवर सूप घेऊन दिवसभर तंबाखू भरणे, वळणे, दोरा गुंडाळणे, तोंड दुमडणे असे चालू असे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे झाले की हजार. मजुरी हजारावर मिळे. कारखान्यात विड्या मोजून घेताना कमी-जास्त मापाच्या बाजूला काढून टाकीत आणि त्या मजुरीत धरीत नसत, त्यामुळे माप हा अक्कांच्या घरात पोटाचा विषय होता.

परीक्षा संपल्यावर मी गल्लीत प्रयोग करू लागलो. पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि तिचे मला तेव्हा फार अप्रूप वाटले. बाबांच्या कारखान्यातले एक स्नेही रविवारी घरी आले होते. त्यांना मी प्रयोग दाखवला. पुढच्या रविवारी ते दुसऱ्या एकाला घेऊन आले आणि माझ्यादेखत त्याला सांगू लागले, "पत्ते मीच पिसले होते. ह्यानं हातसुद्धा लावला नाही. मी पान मनात धरलं आणि ह्यानं सांगितलं." त्यांनी पत्ते पिसले नव्हते. कॅट पूर्ण वेळ माझ्या हातात होता. ते खोटे बोलत नव्हते. त्यांना ते तसेच आठवत होते. प्रयोग संपतो तेव्हा तो पुरा झालेला नसतो, बघणारा तो घरी नेऊन उरलेला घडवतो, आणि घडवताना नेमक्या त्याच गोष्टी गाळतो ज्यांत युक्ती लपलेली असते. हे कळल्यावर मी ते मुद्दाम वापरू लागलो. "तुम्हीच थांबवलंत ना? मी कुठं काही म्हटलं का?" असे शेवटी दोनदा विचारायचे, म्हणजे त्याच्या आठवणीत तेवढेच पक्के राहते. सोळाव्या वर्षी मला हे मोठे गमक सापडल्यासारखे वाटले होते.

ती गोष्ट गल्लीत फिरत फिरत कोणत्या रूपात अक्कांपर्यंत गेली ते मी सांगू शकत नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांनी मला दारातून हाक मारली. मी गेलो. त्या विडी वळत होत्या आणि वळता वळताच, वर न बघता म्हणाल्या, "तू मनातलं ओळखतोस म्हणे."

मी काहीतरी पुटपुटलो.

"माझा लेक भिवंडीला आहे. चार महिने झाले, पत्र नाही. मी त्याला मनात धरते. तो कुठं आहे, बरा आहे का, तेवढं सांग."

त्यांनी हातातली विडी सुपात ठेवली, डोळे मिटले आणि दोन्ही हात मांडीवर जुळवून बसल्या. पान मनात धरायला मी लोकांना जसे सांगत असे, अगदी तसे.

पुढचा एखादा मिनिट माझ्या आयुष्यातला फार लांब मिनिट आहे. त्या वेळी मला दोन वाटा दिसत होत्या हे मी इथे लिहायला हवे. "बरा आहे, अक्का, पत्र येईल" असे म्हणणे अगदी सोपे होते. त्यांना बरे वाटले असते, आणि भिवंडीला मागावर काम करणारा पंचविशीचा माणूस बहुतेक बराच असणार, असा हिशोबही माझ्या डोक्यात उमटून गेला होता. बुवाचा धंदा कसा सुरू होत असेल हे मला त्या मिनिटाइतके स्वच्छ पुन्हा कधी दिसले नाही. त्यात दुष्टपणाची गरजच नसते. समोर मिटलेले डोळे असतात आणि आपल्यापाशी एक बऱ्यापैकी संभाव्य उत्तर असते, एवढे पुरते.

मी धावत घरी गेलो, कॅट आणला आणि अक्कांच्या सुपाशेजारी ठेवला. "अक्का, मला मनातलं कळत नाही. हे पत्ते वेगळे आहेत, त्यानं होतं." त्यांनी डोळे उघडले. मी त्यांना काही समजावणार, तोच त्यांनी कॅट उचलला. पत्ते त्यांनी आयुष्यात फारसे हातात घेतले नसावेत. कोणते पान मोठे, कोणते लहान हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी चित्रांकडे पाहिलेही नाही. कॅट उभा धरून त्यांनी वरच्या कडेवरून तर्जनी एकदाच फिरवली, तळहातावर ठोकून पाने सारखी केली, पुन्हा बोट फिरवले आणि म्हणाल्या, "ह्याची पानं दोन मापांची आहेत."

मला ते पाहायला कागद वाचावा लागला होता आणि वाचूनही दोन पाने उन्हात एकावर एक धरावी लागली होती. बाबांचे स्नेही, शाळेतले सर, गल्लीतली हुशार मुले, यांपैकी कोणाच्याही बोटांना जे लागले नव्हते ते अक्कांच्या बोटांना एका फेऱ्यात लागले, कारण तीस वर्षे त्या बोटांनी पानांचे माप राखले होते आणि एक-दीड मिलिमीटर चुकले तर त्याचे पैसे कापले जाताना पाहिले होते. मग त्यांनी दोन आखूड पाने उपसली, तिसरे, चौथे उपसले आणि उलटून पाहिली. "आखूड आहेत ती सगळी सारखी. आठ झाडं." किल्वरच्या तीन पाकळ्यांच्या चिन्हाला त्या झाड म्हणाल्या. त्या शब्दाहून चांगला शब्द मला त्या चिन्हासाठी अजून मिळालेला नाही.

थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मला वाटत होते त्या रागावतील, निदान मी लोकांना फसवतो असे तरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "मग माझ्या लेकाचं तुला काही माहीत नाही."

"नाही, अक्का."

"लिहिता तर येतं ना तुला?"

त्या दुपारी मी त्यांच्या लेकाला भिवंडीच्या पत्त्यावर पोस्टकार्ड लिहिले. त्या तेलुगूमिश्रित मराठीत सांगत होत्या आणि मी लिहीत होतो. ते पंधरा पैशांचे कार्ड पेटीत टाकून मी परत आलो तेव्हा कॅट अजून त्यांच्या सुपाशेजारीच होता. "राहू दे माझ्याकडं दोन दिवस," एवढेच त्या म्हणाल्या.

पुढे कॉलेजात असताना महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांचे प्रयोग मी पाहिले. समिती १९८९ साली स्थापन झाली आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या नेतृत्वाखाली ती गावोगाव, शाळाशाळांतून पोचली. कार्यकर्ता जिभेवर कापूर पेटवी, मंत्र म्हणून तुपाची धार सोडून होम पेटवी आणि मग सांगे की तूप म्हणजे ग्लिसरीन आहे आणि समिधांखाली पोटॅशियम परमँगनेट आहे. मला ते पाहताना अक्कांचे सूप आठवे. कार्यकर्ता आणि बुवा हे दोघेही हुबेहूब तेच करीत होते. फरक फक्त नंतरच्या दोन वाक्यांचा होता, आणि सगळे त्या दोन वाक्यांतच होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अठरा-वीस वर्षे झगडत होते त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. ती बातमी वाचली त्या दिवशी मी कॅट खणातून काढून बराच वेळ हातात धरला होता.

युक्ती सांगावी की सांगू नये, यावर जादूगारांत फार जुना वाद आहे आणि न सांगणाऱ्यांचा पक्ष मला समजतो. पोटापाण्यासाठी प्रयोग करणाऱ्याचे रहस्य उघड करण्याचा अधिकार मला नाही. परंतु सांगण्याचीही परंपरा तितकीच जुनी आहे. १५८४ साली रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या इंग्रज गृहस्थाने चेटकिणी ठरवून माणसांना मारले जाते म्हणून कळवळून एक ग्रंथ लिहिला आणि त्यात पत्त्यांच्या, नाण्यांच्या, चेंडूंच्या युक्त्या कशा करतात ते चक्क सांगून टाकले, का, तर बोटांनी होणारी गोष्ट सैतानाच्या खात्यावर लिहिली जाऊ नये. हा कॅट तर आज खेळण्यांच्या दुकानात मिळतो आणि त्याच्या पुडीत कागद असतोच, म्हणून तो उलगडताना मला संकोच वाटला नाही.

मी आता प्रयोग करतो तो भाचरांपुढे, सोसायटीच्या गणपतीत, कधी रुग्णालयात कोणा ओळखीच्याचे मूल असले तर त्याच्या खाटेपाशी. रीत तीच आहे, पण आरंभ बदलला आहे. कॅट हातात घेण्याआधी मी सांगतो की हे पत्ते आधीपासून तयार केलेले आहेत आणि मला मनातले काही कळत नाही. सुरुवातीला मला भीती होती की एवढे सांगितल्यावर गंमत राहणार नाही. तसे होत नाही. मुले उलट जास्त टक लावून पाहतात, त्यांचे डोळे माझ्या बाहीवर नसून पानांवर असतात, आणि अठ्ठी निघाली की त्यांच्या तोंडून जो आवाज येतो तो भक्तीचा नसतो. कोडे आवडल्याचा असतो. "परत" म्हणतात. परत मी दाखवत नाही, कारण परतही अठ्ठीच येईल. त्याऐवजी कॅट त्यांच्या हातात देतो. बहुतेक मुले चित्रे पाहतात, सारख्या अठ्ठ्या मोजतात आणि सव्वीस अठ्ठ्या म्हणजे एक तर कुठेही निघणारच, असे ठरवून मोकळी होतात. तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही, कारण सव्वीस म्हणजे निम्मीच. मग दर वेळी अठ्ठीच का, असे मी विचारतो. कड तपासून पाहणारे मूल मला आतापर्यंत दोनदाच भेटले. त्यातली एक मुलगी सोनाराच्या घरची होती.

अक्कांनी कॅट दोन दिवस म्हणून ठेवला तो दिवाळीपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. मध्ये तीन आठवड्यांनी भिवंडीहून पत्र आले होते: लेकाने माग बदलला होता, खोली बदलली होती, जुन्या पत्त्यावरचे कार्ड ओळखीच्या कोणीतरी त्याला पोचवले होते. नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी तो आला. मी फराळाचे ताट द्यायला समोर गेलो, तेव्हा तो ओट्यावर बसला होता, नातवंडे भोवती होती आणि अक्का सूप बाजूला सारून बसल्या होत्या. त्यांच्या हातात माझा कॅट होता. पाने माझ्यापेक्षा कितीतरी सारखी, एकाच लयीत, पाण्याच्या धारेसारखी त्यांच्या बोटांतून सुटत होती. मला चार महिन्यांत तसे जमले नव्हते.

"थांब म्हण," अक्का लेकाला म्हणाल्या.

त्याने लगेच म्हटले नाही. तो आईच्या हाताकडे बघत राहिला. पाने संपत आली.

"थांब."

त्यांनी खालच्या गठ्ठ्यावरचे पान त्याला दिले. त्याने ते छातीशी धरून पाहिले. अक्कांनी डोळे मिटले नाहीत. त्या त्याच्याकडेच पाहत होत्या. नातवंडे श्वास धरून होती. मग त्या एकेक शब्द सुटा करीत म्हणाल्या, "आठ झाडं," आणि नातवंडांचा एकच गलका झाला.

लेकाने पान परत दिले. अक्कांनी ते नेमके त्याच्या लांब जोडीदारावर ठेवले, कॅट तळहातावर ठोकला, कडेवरून एकदा बोट फिरवले आणि सगळ्यांत धाकट्या नातवाच्या हातात देऊन म्हणाल्या, "आता तू बघ, कसं केलं ते."